रोज उठून कोणता ना कोणता 'डे': यातले पाळण्यासारखे कोणते?

बर्डीवाला (धागालेखक) | १८ मे, सकाळी ९:१०

राजेहो, काल सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून 'जागतिक दूरसंचार दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' सुरू होत्या. गुलाबाचं फूल, फुलावर डायलचा फोन, खाली कुठल्याशा प्लायवूडच्या दुकानाचा पत्ता. ज्यांनी टाकल्या त्यांच्याच विंगचं ब्रॉडबँड आदल्या रात्रीपासून बंद. कंपनीचं नाव घेत नाही. तक्रार केली तर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज आला, तोही मोबाइल डेटावर वाचावा लागला.

मग चिडून शोधत बसलो. हा दिवस चांगला जुनाजाणता निघाला. १७ मे १८६५ला पॅरिसमध्ये वीस देशांनी तारेच्या करारावर सह्या केल्या, त्याची ही आठवण. त्याआधी एका देशाची तार सीमेवर कागदावर उतरवायची, पलीकडच्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती पुन्हा ठोकायची, असा कारभार होता.

पण बाकीची वरात बघा. फेब्रुवारीत सुरक्षित इंटरनेट दिन. ३१ मार्च बॅकअप दिन. मेचा पहिला गुरुवार पासवर्डचा. १७ जुलै इमोजीचा. जुलैचा शेवटचा शुक्रवार सिस्टिम अॅडमिनचा, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर-सर्व्हर सांभाळणाऱ्याचा. प्रोग्रामर लोकांचा दिवस वर्षातला २५६वा, कारण बाइट या कॉम्प्युटरच्या छोट्या मापाला २५६ वेगवेगळ्या किमती घेता येतात. तो १३ सप्टेंबरला येतो, लीप वर्षात १२ला. रशियात तर २००९ पासून तो सरकारी आहे. १४ मार्चला गणितातल्या पायचा (π) दिन, ३.१४ म्हणून, पण तारीख अमेरिकन पद्धतीने लिहिली तरच. आपल्या पद्धतीने २२ जुलै बरा, २२/७. शिवाय २२/७ हा ३.१४ पेक्षा खऱ्या पायच्या जास्त जवळ आहे. म्हणजे इथे आपली सरशी.

तर प्रश्न साधा आहे. यातल्या एखाद्या दिवशी तुम्ही खरंच काही करता का? फॉरवर्ड करणं धरणार नाही.

---

तर्रीबाज | ९:४२

धागा वाचनखूण केला, पण भाऊ, हे सगळे डे कंपन्यांनी काढले आहेत. पासवर्ड डे इंटेलने २०१३ला सुरू केला. इमोजी डे इमोजीपीडिया या इमोजींच्या माहितीच्या साइटवाल्या जेरेमी बर्जने २०१४ला. तारीख १७ जुलैच काऊन? तर अॅपलच्या कॅलेंडरच्या इमोजीवर १७ जुलै छापलेलं असते. तेच काऊन? तर २००२ मध्ये त्यांनी त्या दिवशी आयकॅल नावाचं कॅलेंडर जाहीर केलं होतं. म्हणजे एका कंपनीच्या जाहिरातीची तारीख चित्रात गेली आणि चित्रावरून जगाचा सण झाला. आपण मात्र सकाळी उठून हात जोडून राहिलो.

---

तारमास्तर | १०:३०

बर्डीवाले, तुम्ही तारेचा विषय काढला म्हणून लिहितो. मी तार खात्यातून निवृत्त झालो. १७ मे हा दिवस १९६९ पासून पाळला जातो. आमच्या ऑफिसात त्या दिवशी भाषण, पेढा आणि पुन्हा काम, एवढंच.

पण शुभेच्छांच्या फॉरवर्डला नावं ठेवताना एक लक्षात घ्या. तारेत शुभेच्छांना नंबर होते. दिवाळी, ईद, लग्न, परीक्षेतलं यश, प्रत्येकाचं तयार वाक्य छापील यादीत असे. गिऱ्हाईक फॉर्मवर फक्त नंबर लिहायचं, आम्ही तो नंबर ठोकायचो आणि पलीकडचा मास्तर यादी बघून पूर्ण वाक्य उतरवायचा. पैसे शब्दांवर लागत, म्हणून ही सोय. लग्नसराईत एकाच नंबरच्या तारांचा गठ्ठा पडायचा. कधी मास्तरचा डोळा एक ओळ खाली घसरला तर नवरदेवाला परीक्षेत पास झाल्याबद्दल अभिनंदन जायचं. तेव्हा तयार मजकूर दुसऱ्याला पाठवणं हे तुमच्या फोनने आणलेलं खूळ नाही.

१४ जुलै २०१३ला तारसेवेचा शेवटचा दिवस होता. देशभर लोकांनी रांगा लावून तारा केल्या. मीही गेलो आणि स्वतःच्याच पत्त्यावर एक केली. त्या तारखेचा डे मात्र कोणी काढला नाही.

---

तर्रीबाज | १०:४१

काका, दंडवत. नवरदेव पास झाला हे बाकी खरंच निघालं असेल.

---

रॅकमधला_उंदीर | ११:१५

तर्रीबाजभाऊ, सगळे कंपन्यांनी नाही काढले. बॅकअप दिन २०११ला रेडिट नावाच्या चर्चेच्या साइटवरच्या पोरांच्या गप्पांतून निघाला. कोणाची तरी डिस्क गेली, आणि दुसऱ्या दिवशी १ एप्रिल, म्हणून आदल्या दिवशीच शहाणे व्हा.

आणि सिस्टिम अॅडमिनचा दिवस तर आमच्याच जातीच्या माणसाने काढला. शिकागोचा टेड केकाटोस, सन २०००. त्याने एचपीची जाहिरात पाहिली. नवा प्रिंटर बसवला म्हणून ऑफिसातले लोक सिस्टिम अॅडमिनसाठी फुलं आणि फळांच्या टोपल्या घेऊन रांगेत उभे आहेत. गड्याने तोच प्रिंटर आपल्या ऑफिसात बसवला होता, त्याच्याकडे एक केळंही आलं नव्हतं.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात हेच काम करतो. टोपली नको, फक्त सर्व्हर रूमच्या बोर्डात कूलरची पिन लावू नका. मे महिन्यात आमच्याकडे काय होते सांगतो. बाहेर ४५. खोलीतला एसी दुपारी अडीच-तीनला ट्रिप होतो, तेव्हा रॅकचे, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटाचे, दोन्ही दरवाजे उघडून समोर टेबलफॅन. पंखा आत हवा मारतो तशी मागून गरम वाफ पायावर येते. अशा वेळी शिपाईदादा प्रेमाने म्हणतात, 'साहेब, बाहेरचा कूलरच आत आणू का?' कूलर म्हणजे ओलावा, आणि यंत्रांना ओलावा चालत नाही, हे त्यांना प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने सांगतो. एकदा तर खारीने छतातली केबल कुरतडली आणि परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. तिच्या नावाने कोणता डे पाळायचा?

खरं सांगू, आमचा सण जुलैत नाही, खांडेनवमीला असते. वर्षातून त्या एका दिवशी प्रत्येक विभाग आपापलं यंत्र स्वतः पुसतो. सीपीयूचं झाकण उघडलं जाते, ब्लोअर फिरतो, आतून धुळीचे गोळे निघतात. मग झेंडूची माळ. फक्त हळदकुंकू हवा जायच्या जाळीवर वाहू नका, बाप्पा. पंख्यात गेलेलं कुंकू काढायला दुसऱ्या दिवशी मलाच बोलावता, दसऱ्याची सुट्टी असून.

---

खामल्याची_मावशी | दुपारी १२:५०

मी सांगू का, मी पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिते. सिलिंडर कधी लागलं, दूधवाल्याचे खाडे, आणि त्याच्याच खाली लेकीच्या हातचा पासवर्ड. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडतो, 'आई, असं लिहायचं नसते.' मग दर तीन महिन्यांनी बँक म्हणते बदला. बदलला की मागचा खोडून नवा. आता तिथे इतकं खोडलं आहे की चोर आला तर त्यालाही माझ्यासारखंच तीनदा चुकून खातं लॉक होईल.

---

कुलूपकिल्ली | १:३०

मावशी, तुमच्या मुलाची काळजी समजते. पण तुमच्या खात्यावर डोळा ठेवणारा माणूस बहुतेक तुमच्या स्वयंपाकघरात येणार नाही, तो दूर कुठेतरी बसून फोन करणार आहे. घरातल्या वहीत लिहिलेला लांब पासवर्ड हा सगळीकडे वापरलेल्या एकाच सोप्या पासवर्डपेक्षा बरा. फक्त भिंतीवरून काढून कपाटात ठेवा. कॅलेंडर वर्ष बदललं की रद्दीत जाते आणि तुमच्या फोटोत मागे दिसतेही. एटीएमचा पिन मात्र कुठेच लिहू नका.

दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, हा खाक्या २००३ सालच्या अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनीच पुढे २०१७ला सांगितलं की यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेने, एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने, नियम बदलले: मुदत संपली म्हणून उगाच बदलायला लावू नका, फुटल्याची शंका असेल तरच बदला, लांबी महत्त्वाची. कारण साधं. सक्ती केली की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो, आणि हे चोरालाही ठाऊक असते. आपल्याकडच्या बऱ्याच ठिकाणी अजून जुनंच पुराण चालू आहे, त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही.

तेव्हा पासवर्ड दिनाला पासवर्ड बदलत बसू नका. त्या दिवशी ईमेलला दोन टप्प्यांचं कुलूप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण, जसा फोनवरचा कोड, मागणारं. ईमेल यासाठी की बाकी खात्यांचे पासवर्ड विसरलात की नवे तिथेच येतात. एकदा लावलं की पुढच्या वर्षी हा दिवस विसरलात तरी चालते.

---

इतवारीकर | १:५५

आपल्याकडे या गोष्टींचा दिवस आधीपासून आहे आणि तो मारबत. बाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, आणि बडग्यांवर त्या त्या वर्षाचं जे दुखणं असेल ते. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, काय वाट्टेल ते. गर्दी ओरडते, 'घेऊन जा गे मारबत!' आणि शेवटी जाळून टाकायचं.

यंदा माझं मत डिजिटल अरेस्टवाल्याला. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलिसाचा ड्रेस, मागे खोटं ऑफिस, आणि म्हणे 'कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही.' असली अटक कायद्यात कुठेच नाही. आमच्या शेजारच्या आजींना असा फोन आला होता. त्या म्हणाल्या, 'थांबा, कुकरची शिट्टी होऊन राहिली,' आणि ठेवला. तेवढ्या दोन मिनिटांत सून आली म्हणून वाचल्या. लिहून ठेवा: पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पळतात.

ओटीपी मागणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत!

---

तर्रीबाज | २:०२

सकाळी सहाला 'शुभ प्रभात' टाकणाऱ्यांनाही घेऊन जा गे मारबत! (काका, हलके घ्या.)

---

मार्चएंड | ४:२०

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ काम, करतो, नावावरून कळलंच असेल. ३१ मार्चला बॅकअप दिन हा गोऱ्यांसाठी गंमत असेल, आमच्यासाठी योगच आहे. त्या दिवशी पुस्तकं बंद करायची घाई असते, प्रत्येक पक्षकार रात्री अकराला 'एक बिल राहिलं होतं' म्हणून फोन करतो. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप आम्ही घेतोच, तोही कोणी शुभेच्छा न देता. पक्षकारांचं मात्र विचारू नका. एका किराणावाल्याकडे गेलो तर बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये. म्हटलं, 'काकाजी, मशीन गेलं तर दोन्ही जातील.' तर म्हणाले, 'मशीन जाईल कशाला? परवाच पूजा केली.'

---

स्टुडिओवाला_महाल | सायं. ६:१०

बॅकअपचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. लग्नाचं शूटिंग हा असा माल आहे की तो हरवला तर परत करून देता येत नाही. नवरी पुन्हा सासरी जाणार नाही. म्हणून आमचा नेम सांगतो.

कार्यक्रम संपला की मांडवातच, जेवायला बसायच्या आधी, कार्डं लॅपटॉपवर उतरतात. कार्ड तेव्हा पुसायचं नाही. लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत जाते. अल्बम पार्टीच्या हातात पडेपर्यंत ती पट्टी निघत नाही, पोट्ट्यांना कडक सांगून ठेवलं आहे. स्टुडिओत आल्यावर दोन डिस्कवर कॉपी, आणि त्यातली एक रात्री माझ्यासोबत प्रतापनगरला बहिणीकडे. महालातल्या गल्लीत पाणी शिरलं, आग लागली, चोरी झाली, तर एक प्रत तरी दुसऱ्या वस्तीत पाहिजे. याला इंग्रजीत तीन-दोन-एकचा नियम म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरनेच तो रूढ केला, म्हणून आमच्या धंद्याला थोडा अभिमान.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो उघडतो का ते पाहावं लागते. मी दर महिन्याला कोणतंही एक जुनं लग्न काढतो, मधलाच कोणता तरी व्हिडिओ लावतो आणि पाहतो. डिस्क आतून टक टक आवाज करायला लागली तर तिला पुन्हा पुन्हा लावून पाहायचं नाही, तिथेच थांबायचं.

---

वाळ्याची_ताटी | रात्री ९:३५

सगळे इंटरनेटचेच दिवस मोजून राहिले. नागपुरात घरोघरी चालणारं सगळ्यात मोठं यंत्र कोणतं? कूलर. त्याचा दिवस कोणी काढला का?

अवांतर वाटेल, पण आहे तसा एक दिवस. महानगरपालिकेची माणसं घरी येऊन सांगतात तो 'कोरडा दिवस'. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करायची, कडा घासायच्या, कोरडी होऊ द्यायची, मग भरायची. आठवड्यातूनच काऊन, हे पाहा. डेंग्यूच्या डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत टाकी कोरडी झाली पाहिजे. कडा घासायच्या यासाठी की तो डास अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटवतो, नुसतं पाणी फेकलं तर ती तिथेच राहतात, आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणजे हा दिवस कोणाच्या वाढदिवसावरून ठरला नाही, डासाच्या वेळापत्रकावरून ठरला.

आणि पाणी भरताना पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून टाकीत हात घालू नका. अर्थिंग नसलेल्या पत्र्याच्या कूलरला ओल्या पायाने हात लावून दर उन्हाळ्यात माणसं जातात.

---

रॅकमधला_उंदीर | ९:५८

+१. हाच मुद्दा आहे. बॅकअप दिनाची माझी तक्रार हीच की वर्षातून एकदा घेतलेला बॅकअप म्हणजे फेब्रुवारीत डिस्क गेली तर अकरा महिन्यांचं काम गेलं. किती दिवसांनी घ्यायचा, हे ३१ मार्चला विचारू नका. 'किती दिवसांचं गेलं तर मला परवडेल' हे स्वतःला विचारा. कॉलेजच्या फीच्या नोंदी आम्ही रोज रात्री घेतो, ग्रंथालयाची यादी आठवड्याला. स्टुडिओवालेभाऊ मांडवातच घेतात ते त्यामुळेच.

---

बर्डीवाला | १०:१०

म्हणजे यादीतून गेले कोण? इमोजी डे गेला, पाय गेला. तारमास्तर काकांच्या तारखेला मात्र मी काहीतरी लिहीन.

एक राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. असं आपल्या सोसायटीत चालेल का?

---

तर्रीबाज | १०:१५

भोंगा वाजला हे ग्रुपवर टाकावं लागेल, त्याचं काय?

---

कुलूपकिल्ली | १०:२२

तिथे चाललं कारण गावाने बसून ठरवलं आणि आधी मोठ्यांनी बंद केला. आपल्या सोसायटीत पार्किंगवर एकमत होईना. बघा प्रयत्न करून, मी सातला फोन ठेवतो, पण भोंगा चालवायचं काम मला देऊ नका.

---

तारमास्तर | १९ मे, सकाळी ६:०५

शुभ प्रभात. (तर्रीबाज, मुद्दाम.)

उंदीरभाऊ, एक काम होतं. माझ्या फोनमध्ये नातवाचे फोटो भरले आहेत, जागा संपली असं दाखवतो. मुलगी बंगलोरला, ती म्हणते ढगात (क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत) टाका, मला त्याचा पासवर्ड जमत नाही. दुसरा उपाय आहे का? आणि किती दिवसांनी करावं?

---

रॅकमधला_उंदीर | ८:४०

काका, आहे. फोनलाही लागते आणि कॉम्प्युटरलाही, अशी दोन तोंडांची पेनड्राइव्ह मिळते, ओटीजी म्हणून मागा. फोनला लावली की फाइल्सच्या अॅपमध्ये ती वेगळी दिसेल. कॅमेऱ्याचं फोल्डर दाबून धरा, कॉपी करा, तिकडे पेस्ट. 'मूव्ह' करू नका, कॉपीच. मग पेनड्राइव्हमधले चार-दोन फोटो उघडून पाहा, स्टुडिओवालेभाऊ म्हणतात तसं. फोनमधले लगेच पुसू नका. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं भरवशाची नसते, म्हणून सुट्टीत लेक आली की तिच्या लॅपटॉपवर दुसरी प्रत करून घ्या, मगच फोन रिकामा करा. नातू रोज नवा काही करत असेल तर आठवड्याला, नाहीतर पंधरा दिवसांनी.

---

खामल्याची_मावशी | ९:०५

माझा कूलर शनिवारी कोरडा होतो. टाकी वाळेपर्यंत मी नुसती बसलेलीच असते. तेवढ्यात ही कॉपी होते का?

---

रॅकमधला_उंदीर | ९:१२

फोटो असतील तर होते, मावशी. लग्नाचे व्हिडिओ असतील तर टाकी भरून, कूलर सुरू होऊन, तुमचा डोळा लागेपर्यंत चालेल. फोन तेवढा कूलरच्या फवाऱ्यापासून लांब ठेवा.